तापमान सांभाळणारी खोली

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी, खोल विहीर असेल, तर एक गंमत तुम्ही नक्की अनुभवली असेल. डिसेंबरच्या पहाटे विहिरीचे ताजे पाणी हातावर घेतले, की ते कोमट लागते. मे महिन्याच्या दुपारी त्याच विहिरीचे पाणी गार लागते. मग हिवाळ्यात विहिरीखाली कोणी चूल पेटवते का? आणि उन्हाळ्यात तिच्यात कोणी बर्फ टाकते का?

तसे काहीच घडत नाही. जमिनीच्या खोल पोटात वर्षभर जवळजवळ सारखेच तापमान असते. त्यामुळे पाण्याचे तापमान फारसे बदलत नाही. बदलते ते बाहेरचे हवामान आणि त्याबरोबर आपला हात. थंडीने गारठलेल्या हाताला पाणी कोमट वाटते आणि उन्हाने तापलेल्या हाताला तेच पाणी गार वाटते. म्हणजे पाण्याची परीक्षा घेणारा आपला हातच फसतो.

माणसाचा हात फसतो, तशी प्रयोगशाळेतील नाजूक उपकरणेही फसतात. म्हणून अशा उपकरणांना त्यांच्यासाठी खास सांभाळलेल्या खोलीत ठेवावे लागते. त्या खोलीत काय असते आणि ती कशी सांभाळतात, हे आज आपण पाहू या.

प्रथम वजनकाट्याची गोष्ट घेऊ. समजा, तुम्ही आणि तुमची मैत्रीण शाळेच्या प्रयोगशाळेत एकच प्रयोग करीत आहात. खारट पाण्यात किती मीठ आहे, हे शोधायचे आहे. दोघींनी रिकाम्या बशीचे वजन केले. बशीत सारखेच पाणी घेतले. ते आटवले. बशीत फक्त पांढरे मीठ उरले. तुम्हांला घाई होती. तुम्ही चिमट्याने गरम बशी उचलली आणि लगेच काट्यावर ठेवली. मैत्रिणीने मात्र बशी घट्ट झाकणाच्या कोरड्या काचपात्रात ठेवून पूर्ण थंड होऊ दिली आणि मग तिचे वजन केले. तुमचे मीठ कमी भरले, तिचे जास्त भरले.

आता बाई विचारतील, "मीठ सांडले का?" तुम्ही म्हणाल, "नाही बाई, एक कणही सांडला नाही." तुम्ही खरेच बोलत आहात. तरी तुमचे उत्तर चुकले आहे. असे का झाले?

गरम बशीभोवतीची हवा तापते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. वर जाताना ती बशीला किंचित वर उचलते. हा धक्का इतका लहान असतो, की बाजारातल्या तराजूला तो कळत नाही. पण मिलिग्रॅमपर्यंत वजन सांगणाऱ्या काट्याला तो लगेच कळतो. म्हणून गरम वस्तू खऱ्या वजनापेक्षा हलकी भरते. फार थंड वस्तू ठेवली, तर उलटे होते. तिच्याभोवतीची हवा गार होऊन खाली उतरते, शिवाय तिच्यावर दव धरते, आणि वस्तू जड भरते.

मिठाच्या प्रयोगात चूक झाली, तर फार तर दोन गुण जातील. पण औषधाच्या गोळीचा विचार करा. कित्येक गोळ्यांत खरे औषध फक्त पाच-दहा मिलिग्रॅम असते. बाकीचा भाग गोळीला आकार देण्यासाठी असतो. औषध कमी पडले, तर रोगी बरा होणार नाही. जास्त झाले, तर त्याच्या जिवाला धोका. ही तपासणी करणारा काटा खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने किंवा उन्हाच्या कवडशाने फसला, तर त्याची किंमत कोणाला मोजावी लागेल?

आता लांबीच्या मापाकडे वळू. उष्णतेने धातू प्रसरण पावतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पण किती? पोलादाची एक मीटर लांबीची पट्टी घेतली आणि तिचे तापमान १ अंशाने वाढले, तर ती सुमारे ११.५ मायक्रोमीटर वाढते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रोमीटर धरली, तर दहा अंशांच्या फरकाने ही पट्टी एका केसाच्या जाडीहून जास्त वाढेल. शिंप्याला याचे काही वाटणार नाही. यंत्राचे भाग बनवणाऱ्या कारागिराला मात्र वाटेल.

आणखी एक अडचण आहे. सगळे धातू सारखे वाढत नाहीत. ॲल्युमिनिअम हे पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढते. समजा, मालेगावच्या एका लहान कारखान्यात एक कारागीर १०० मिलिमीटर लांबीचा ॲल्युमिनिअमचा भाग तयार करतो. एप्रिल महिना आहे. कारखान्यात ३८ अंश उष्णता आहे. पोलादी मापाने मोजून त्याने तो भाग अगदी बरोबर १०० मिलिमीटर केला. नंतर तो पुण्याच्या तपासणीच्या खोलीत गेला. तेथे तापमान २० अंश होते. ॲल्युमिनिअम जास्त आकसले, पोलाद कमी आकसले. तो भाग मिलिमीटरच्या सुमारे दोन शतांश इतका आखूड निघाला. तपासनिसाने तो नापास केला.

कारागिराने चोरी केली नाही. तपासनिसानेही अन्याय केला नाही. दोघांनी आपापल्या जागी बरोबरच मोजले. पण त्या दोन जागांचे तापमान वेगळे होते आणि ते कोणी लक्षात घेतले नाही. एवढ्यावरून माल परत येतो, पैसे अडतात, आणि एक प्रामाणिक माणूस निष्काळजी ठरतो.

असे घोटाळे टाळण्यासाठी सगळ्या जगाने मिळून एक तापमान ठरवून घेतले. १८८९ मध्ये प्लॅटिनम आणि इरिडिअम या धातूंच्या मिश्रणाची एक पट्टी मीटरचे प्रमाण म्हणून मान्य झाली. ती पॅरिसजवळ ठेवलेली असे. तिची लांबी वितळत्या बर्फाच्या तापमानाला, म्हणजे शून्य अंशाला, धरायची असा नियम होता. पण शून्य अंशाच्या थंडीत कारखाने कसे चालणार? म्हणून १९३१ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने कारखान्यांतील लांबीच्या मापांसाठी २० अंश सेल्सिअस हे तापमान ठरवले. आजही तेच चालते. एखाद्या यंत्राच्या नकाशावर १०० मिलिमीटर असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ '२० अंशांना १०० मिलिमीटर' असा होतो.

काही शास्त्रज्ञांनी दुसरा मार्ग शोधला. तापमान बदलले तरी लांबी फारशी बदलणार नाही, असा धातूच मिळाला तर? पॅरिसजवळच्या त्याच संस्थेत काम करणाऱ्या शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये लोखंड आणि निकेल यांचे असे एक मिश्रण शोधून काढले. त्याचे नाव 'इन्व्हार'. ते पोलादाच्या सुमारे एकदशांशच वाढते. घड्याळाचा लोलक पोलादी असेल, तर एका अंशाच्या उष्णतेने घड्याळ दिवसाला सुमारे अर्धा सेकंद मागे पडते. लोलक इन्व्हारचा केला, की ही चूक पुष्कळ कमी होते. या कामाबद्दल गियोम यांना १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रत्येक वस्तू इन्व्हारची करता येत नाही. म्हणून शेवटी खोलीच सांभाळावी लागते.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, "यात काय अवघड आहे? वातानुकूलन यंत्र लावले, की झाले!" पुष्कळ लोकांना तसेच वाटते. पण गार खोली वेगळी आणि स्थिर तापमानाची खोली वेगळी. साधे वातानुकूलन यंत्र काही वेळ चालते, काही वेळ थांबते. ते चालले, की हवा गार होते. थांबले, की पुन्हा तापते. एक-दोन अंशांचा हा चढउतार आपल्याला जाणवत नाही. पण नाजूक उपकरण दिवसभर त्याच्याबरोबर वरखाली होत राहते. शिवाय यंत्राचा गार झोत सरळ उपकरणावर आला, तर त्याची एक बाजू गार आणि दुसरी उबदार होते. हे सर्वांत वाईट.

म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत पुढील काळजी घेतात. गार हवा एका झोताने न सोडता छतातील अनेक छिद्रांतून सावकाश खाली सोडतात. कित्येक ठिकाणी हवा गरजेपेक्षा किंचित जास्त गार करतात आणि मग लहानशा विजेच्या शेगडीने तिला हवे तेवढेच ऊबदार करतात. ही ऊब अगदी थोडी थोडी कमीजास्त करता येते. त्यामुळे तापमान एका जागी टिकते. खोलीला उन्हाच्या बाजूची खिडकी ठेवत नाहीत. दोन दारे एकापुढे एक असतात. पहिले दार बंद झाल्यावरच दुसरे उघडतात. हवेतील दमटपणाही मोजून ठेवतात.

खोलीत किती माणसे आहेत, यावरही लक्ष ठेवतात. तुम्हांला ठाऊक आहे का, स्वस्थ बसलेला एक माणूस सुमारे १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकतो? लहान खोलीत वर्गातली वीस मुले शिरली, तर तितकेच दिवे लागल्यासारखे होईल. प्रयोगशाळेत "गर्दी करू नका" असे सांगतात, त्यामागे शिस्तीबरोबर हेही एक कारण असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धीर. समजा, रात्री वीज गेली आणि सकाळी परत आली. यंत्रे सुरू झाली. अर्ध्या तासात भिंतीवरचा तापमापक २० अंश दाखवू लागला. आता मोजायला सुरुवात करावी का? नाही. हवा लवकर गार होते, पण जाडजूड लोखंड उशिरा गार होते. हवेने २० अंश दाखवले, तरी आतले पोलाद अजून २३ किंवा २४ अंशांवर असू शकते. म्हणून मोजायची वस्तू आणि मोजणारे माप दोन्ही कित्येक तास त्याच खोलीत शेजारी शेजारी ठेवतात. दोघांचे तापमान एक झाले, की मगच मोजतात. तापमापकही दारापाशी न टांगता उपकरणाजवळ ठेवतात. खरा प्रश्न उपकरणाच्या तापमानाचा असतो.

हे सारे विजेच्या जोरावर झाले. पण वातानुकूलन नव्हते, तेव्हा शास्त्रज्ञ काय करीत? याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. ते आपल्या महाराष्ट्रातच आहे.

मुंबईला कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन झाली. १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. पृथ्वी हा एक मोठा चुंबक आहे. त्याची शक्ती दिवसभरात किंचित कमीजास्त होते. सूर्याच्या प्रभावाने असे घडते. हा बदल टिपण्यासाठी लहान चुंबक टांगलेले असत. त्यांना आरसा जोडलेला असे. आरशावरून परतलेला प्रकाशकिरण छायाचित्राच्या कागदावर रेघ उमटवी. चुंबक केसभर हलला, तरी रेघ हले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे चुंबक हलले असते आणि नोंदी बिघडल्या असत्या. त्या वेळी वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई आर्देशीर फ्रामजी मूस होते. या पदावर आलेले ते पहिले भारतीय. त्यांच्या प्रयत्नाने चुंबकीय वेधशाळा समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्यात आली. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. पण मूस यांनी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. त्यामुळे जुन्या आणि नव्या नोंदींची साखळी तुटली नाही. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागचे चुंबक तिच्यापासून सुरक्षित होते.

पण अलिबागला दुसरा शत्रू होता. तो म्हणजे उष्णता. चुंबक तापला, की त्याची शक्ती किंचित कमी होते. आता पेच पाहा. पृथ्वीचे चुंबकत्व सूर्याबरोबर दिवसा बदलते. खोलीची उष्णताही सूर्याबरोबर दिवसा वाढते आणि रात्री उतरते. दोघांची वेळ एकच. कागदावरची रेघ हलली, तर ती पृथ्वीमुळे हलली की खोली तापल्यामुळे, हे कसे ओळखायचे? चोर आणि पहारेकरी एकाच वेशात आले, तर पकडणार कोणाला?

म्हणून खोलीच अशी बांधली, की बाहेरच्या उष्णतेचा चढउतार आत फारसा पोहोचू नये. तिच्यात लोखंड वापरले नाही. चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड पारखून आणला. जाड दगडी बांधकामाचा गुण तुम्ही जुन्या वाड्यात किंवा मशिदीत अनुभवला असेल. बाहेर कडक ऊन असले, तरी आत गारवा असतो. दुपारची उष्णता जाड भिंतीतून हळूहळू आत सरकते. ती आत पोहोचेपर्यंत बाहेर रात्र होते आणि भिंत पुन्हा थंड होऊ लागते. असा दिवसाचा चढउतार भिंतीतच विरून जातो. विहिरीच्या पाण्याला जमीन सांभाळते, तसे अलिबागच्या चुंबकांना भिंतींनी सांभाळले.

मूस यांनी कुलाब्याच्या १८४६ ते १९०५ या काळातील नोंदी तपासून १९१० मध्ये दोन मोठ्या खंडांत प्रसिद्ध केल्या. अलिबागची वेधशाळा आजही काम करीत आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ती चालवते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नोंदी आजचे शास्त्रज्ञ विश्वासाने वापरतात. हा विश्वास आला कोठून? पृथ्वीबद्दल काही सांगण्याआधी ज्यांनी आपली खोली तपासली, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असे दगडी दालन नसेल. छतातून सावकाश येणारी गार हवाही नसेल. तरी एक गोष्ट तुम्हांला आजपासून करता येईल. वहीत प्रयोगाचे उत्तर लिहाल, तेव्हा शेजारी तारीख, वेळ आणि खोलीचे तापमान लिहा. तापमान बदलणे तुमच्या हाती नसेल, पण ते लिहिणे तुमच्या हाती आहे. उद्या तुमचे आणि मैत्रिणीचे उत्तर जुळले नाही, तर भांडण करण्याची वेळ येणार नाही. दोघी वह्या उघडून पाहाल. तिच्या वहीत असेल, 'बशी थंड झाल्यावर वजन केले.' तुमच्या वहीत असेल, 'बशी गरम होती.' चूक सापडेल आणि कोणावर खोटेपणाचा आळ येणार नाही.

शब्दार्थ

तापमान – दर्जा-ए-हरारत
प्रयोगशाळा – तजुर्बागाह
उपकरण – आला, मोजण्याचे किंवा कामाचे साधन
वेधशाळा – रसदगाह
चुंबक – मक़नातीस
प्रसरण पावणे – फैलना
आकसणे – सिकुड़ना
स्थिर – क़ायम, न बदलणारे
दमटपणा – नमी
नोंद – इंदराज
लोलक – रक़्क़ास, घड्याळाचा हलणारा गोळा
आळ – झूटा इल्ज़ाम

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट का वाटते?
(आ) लांबीच्या मापांसाठी कोणते तापमान ठरवले आहे?
(इ) अलिबागच्या वेधशाळेसाठी कोठला दगड आणला?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गरम बशी काट्यावर हलकी का भरते?
(आ) वीज परत आल्यावर लगेच का मोजू नये?
(इ) मूस यांनी दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी का घेतल्या?

३. "कारागिराने चोरी केली नाही. तपासनिसानेही अन्याय केला नाही." मग चूक कोठे झाली? तुमच्या शब्दांत लिहा.

४. विरुद्धार्थी शब्द लिहा : गरम, जड, स्थिर, विश्वास, प्रामाणिक.

५. उपक्रम : वर्गात खिडकीजवळ, दाराजवळ आणि मधल्या बाकावर सकाळी व दुपारी तापमान मोजा. आठवडाभर नोंद ठेवा. कोणत्या जागी तापमान सर्वांत कमी बदलते, ते शोधा.